हप्ता झेपेल का, हे पासबुकाला विचारा

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. नवरा-बायको दोघंही नोकरीत, वयं सदतीस आणि चौतीस. तो चाकणला कंपनीत, ती कर्वेनगरला खासगी शाळेत शिक्षिका. हातात येणारा पगार ९२,००० आणि ४८,०००, मिळून १,४०,०००. वारज्यात भाड्याचा टू बीएचके, भाडं २४,०००. मुलगी पाचवीत. बावधनला बांधकाम चालू असलेल्या स्कीममधला ८८ लाखांचा फ्लॅट पसंत पडलाय, ताबा दोन वर्षांनी. बँक ७० लाख द्यायला तयार आहे. एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून २२ लाख आहेत, सासरे ६ लाख देतायत. तुम्ही लिहिलंय, "म्हणजे ९८ झाले. ८८ चा फ्लॅट, उरलेल्या १० लाखांत फर्निचर. घरखर्च पन्नास-साठ हजार आहे, महिन्याला २५-३० हजार शिल्लक पडतात आणि भाडंही वाचेल. थोडी ओढाताण होईल, पण झेपेल ना?"

नाही झेपणार. घर घेणं झेपेल, पण हे घर, एवढ्या कर्जावर आणि आत्ता, नाही. आता कारणं सांगते.

बँक ७० लाख देतेय याला तुम्ही फार महत्त्व दिलंय. गृहकर्जाच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. तिथे पगाराची स्लिप बघतात, फॉर्म १६ बघतात, सिबिल (आधीची कर्जं वेळेवर फेडली का याचा स्कोअर) बघतात, आधीचे हप्ते बघतात. सगळे हप्ते मिळून निव्वळ पगाराच्या साधारण निम्म्यात बसले की फाइल पुढे सरकते. मुलीच्या शाळेची फी त्या फाइलमध्ये कुठेच नसते. गावाकडच्या आईची औषधं नसतात, पुढच्या वर्षी असलेलं धाकट्या दिराचं लग्न नसतं. हप्ता येईल का, आणि नाही आला तर फ्लॅट विकून पैसे वसूल होतील का, एवढीच बँकेची काळजी. घरात पंचवीस तारखेला काय परिस्थिती असते हा तिचा विषय नाही. तेव्हा ७० हा आकडा डोक्यातून काढून टाका. बँक याच्या वर जाणार नाही, एवढंच त्यातून कळतं.

आधी फ्लॅटची किंमत बघू, कारण ती ८८ लाख नाही. ८८ ही ॲग्रीमेंटची किंमत. बांधकाम चालू आहे म्हणून त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख ४० हजार. भोगवटा पत्र, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, मिळालेला तयार फ्लॅट असता तर हा लागला नसता. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ६ लाख १६ हजार. नोंदणी ३० हजार. बेरीज ९८ लाख ८६ हजार. ताबा देताना बिल्डर बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो. महिना ५,००० धरला तरी १ लाख २० हजार. झाले १ कोटी ६ हजार. तुमचे सगळे पैसे आणि बँकेचं सगळं कर्ज घालूनही दोन लाख कमी पडतायत, आणि घरात अजून एक ट्यूबलाइट लागलेली नाही. किचन ट्रॉली, दोन वॉर्डरोब, पंखे, गिझर, सेफ्टी डोअर, सुताराची मजुरी धरून सात लाख म्हणजे फार हौस नाही. म्हणजे १ कोटी ७ लाख. कमी पडतायत नऊ लाख, आणि ते कुठून येतात हे मला चांगलं माहीत आहे: पर्सनल लोन, पीएफ किंवा बायकोच्या बांगड्या.

फ्लॅट फक्त तुमच्या, म्हणजे पत्नीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची १ टक्का सवलत मिळते, ८८ हजार वाचतात. दोघांच्या नावावर केला की नाही मिळत. नावावर एकटी पत्नी आणि कर्जात दोघं, असं साधारणपणे चालतं, तरी बँकेला आधी विचारून घ्या. आणि किंमत पन्नास लाखांच्या वर आहे म्हणून बिल्डरला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्हालाच कापून सरकारजमा करावा लागतो. तो वेगळा खर्च नाही, किंमतीतलाच भाग आहे, पण भरायचा विसरला तर दंड-व्याज तुमच्या मागे लागतं.

आता खरा मुद्दा. तुमच्याच चार ओळींत एक भोक आहे. हातात १,४०,०००. भाडं २४,००० गेलं. घरखर्च तुम्ही म्हणता तसा जास्तीत जास्त ६०,००० गेला. उरायला हवेत ५६,०००. उरतात किती? तुम्हीच म्हणता २५-३० हजार. मधले २९ हजार कुठे जातात?

तुम्ही उधळे आहात असं मी म्हणत नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक घरांत हे भोक निघतं, आणि सगळ्यात मोठं भोक हिशेब काटेकोर ठेवणाऱ्यांकडे निघतं. किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, पेट्रोल, कामवाल्या मावशी यांची वही त्यांनी नीट ठेवलेली असते. पण जूनची आणि नोव्हेंबरची शाळेची फी "त्या महिन्यापुरती" असते. मेडिक्लेम आणि गाडीचा इन्शुरन्स वर्षातून एकदा येतो. दिवाळीचे कपडे-फराळ, भाऊबीज, कोकणातली चार दिवसांची सहल, मे महिन्यातल्या तीन लग्नांचे आहेर, स्कूटरचे टायर, दातांच्या डॉक्टरकडची रूट कॅनाल, मोबाइल पडला म्हणून नवा, गावी घराची कौलं. यातलं काहीच दरमहा नसतं, म्हणून घरखर्चाच्या वहीत येत नाही. पण वर्षाला तुमच्याकडे असे साडेतीन लाख जातायत: २९ गुणिले १२. म्हणजे तुमचा घरखर्च ६० हजार नाहीच. भाडं सोडून तो ८९ हजार आहे.

हे माझं ऐकून मान्य करू नका, तपासा. दोघांच्या सगळ्या खात्यांची आणि क्रेडिट कार्डांची बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा. ॲपमधली रंगीत वर्तुळं नकोत, छापील कागद घ्या. रविवारी जेवणाच्या टेबलावर दोघांनी बसायचं, एकट्याने नाही. स्वतःच्याच खात्यातून खात्यात गेलेले पैसे, एसआयपी आणि आरडी यांवर काट मारा. राहिलेलं सगळं जाणं आहे. बेरीज करून बाराने भागा. कोणता खर्च आवश्यक आणि कोणता चैनीचा या वादात त्या दिवशी पडू नका. भांडण होतं आणि बेरीज अर्धवट राहते. फक्त आकडा काढा.

मग उलट बाजूने ताळा करा. महिन्याला २७ हजार खरंच शिल्लक पडत असतील तर दोन वर्षांत तुम्ही साडेसहा लाख बाजूला टाकलेले असायला हवेत. दोन वर्षांपूर्वीची एफडी आणि फंडातली गुंतवणूक बघा, आजची बघा. बाजार चढल्यामुळे वाढलेली रक्कम त्यातून वजा करा, ती तुमची बचत नाही. बोनस मिळाला असेल तर तोही वेगळा काढा. स्वतःच्या पगारातून घातलेले किती निघतात? साडेसहा निघाले तर उत्तम. साडेचारच निघाले तर तुमची शिल्लक २७ नाही, १९ हजार आहे, आणि पुढचा माझा सगळा हिशेब तुमच्यासाठी आणखी कडक होतो. पगार किती, हे माणूस कागदावर दाखवू शकतो. शिल्लक मात्र फक्त पासबुकात दिसते.

तूर्त तुमचा २७ हजारांचा आकडा खरा धरून पुढे जाऊ. व्याजदर प्रत्येकाचा सिबिलप्रमाणे वेगळा असतो. हिशेबासाठी ८ टक्के घेते. ७० लाख, २० वर्षं, हप्ता साधारण ५८,५५०. मेंटेनन्स ५,०००. मिळकतकर महिन्याकाठी दीड हजार धरा. मुलीची शाळा वारज्याकडेच राहणार असेल तर व्हॅन, आणि तुमचं चांदणी चौकातून रोजचं येणं-जाणं, मिळून दोन हजार जास्त. एकूण ६७,०००. आजचं भाडं २४,००० वजा केलं की वाढीव बोजा ४३,०००. तुमच्याकडे आहेत २७. दरमहा १६ हजार कमी, आणि एसआयपी, आरडी सगळं बंद झाल्यानंतर कमी. "भाडं वाचेल" हा विचार बरोबर आहे, पण तो हिशेबात एकदाच धरायचा असतो. बहुतेक जण तो हप्त्यातून वजा करतात आणि फर्निचरच्या वेळी पुन्हा आठवतात.

मुदत तीस वर्षं करा असं तुम्हाला कुणीतरी सुचवेल. हप्ता ५१,३६० वर येतो, महिन्याला सात हजार सुटतात. बदल्यात एकूण व्याज साडेसत्तर लाखांवरून एक कोटी पंधरा लाखांच्या घरात जातं, आणि सदतिसाव्या वर्षी घेतलेलं कर्ज सदुसष्टाव्या वर्षी फिटतं. तेव्हा कंपनी पगार देत नसते. चाळिशीच्या आतल्या जोडप्याला काही वेळा मी तीस वर्षं घ्यायला सांगतेही, पण फेडण्याची ताकद वीस वर्षांची आहे आणि हात मोकळा ठेवायचाय, अशांनाच. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, त्यामुळे त्यांना ते परवडतं. ज्यांना तीस वर्षांशिवाय हप्ता बसतच नाही, त्यांनी तो फ्लॅट सोडावा.

आणि आठ टक्के कायम राहणार नाहीत. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक वेळा रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्यालाच, बांधलेली आहेत. मे २०२२ आणि फेब्रुवारी २०२३ च्या दरम्यान रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला, वर्षसुद्धा लागलं नाही. तसंच तुमच्या बाबतीत झालं तर ८ चे साडेदहा होतील. ७० लाखांवर साडेदहा टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याज होतं ६१,२५०. तुमचा हप्ता ५८,५५०. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. अशा वेळी नुसती मुदत लांबवून भागत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. वीस वर्षांत संपवायचं तर ६९,९०० च्या आसपास. हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारायला हवं असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं, कारण लोकांना न सांगता मुदती लांबत होत्या. दर नंतर खालीही येतात, आलेही. पण वाढीव अकरा हजार एखादं वर्ष भरता येतील का, हे आजच बघून ठेवायला लागतं.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते सेल्स ऑफिसातल्या कागदावर कधीच नसतं. पहिल्यांदा तुमचे पैसे जातात, मग बँकेचे. म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच तुमचे आणि सासऱ्यांचे मिळून २८ लाख संपलेले असतील. नंतर स्लॅब पडत जातील तसं कर्जाचं वाटप होतं, आणि वाटप झालेल्या रकमेवर तुम्ही व्याज भरता. त्याच वेळी वारज्याचं भाडंही चालूच. आज तुमची दरमहा झेप आहे भाडं २४ अधिक शिल्लक २७, म्हणजे ५१ हजार. वाटप साडेचाळीस लाखांच्या पुढे गेलं की नुसतं व्याज २७,००० होतं आणि ती झेप संपते. ६३ लाखांचं वाटप झालं की व्याज ४२,००० आणि भाडं मिळून ६६,०००. ताब्याच्या आधीचे सहा-आठ महिने हे असे जातात. शिवाय त्यात मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही. ताबा लांबला तर हा काळही लांबतो. उशिराबद्दल व्याज मागण्याचा हक्क रेरा कायद्याने दिला आहे, पण निकाल लागून पैसे हातात पडेपर्यंत घरमालकाला भाडं तुम्हीच देणार असता.

"पण टॅक्स वाचेल" असं आपल्याकडे अजून हमखास सांगतात. नव्या करप्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्यात मिळते, घर नावावर असलेल्याला माणशी वर्षाला दोन लाखांपर्यंत. तुम्ही दोघं कोणत्या प्रणालीत आहात ते आधी बघा, आणि करबचतीचा आकडा झेपेल-न झेपेलच्या हिशेबात धरूच नका.

एक पगार थांबला तर? खासगी शाळेतली नोकरी तुम्ही मला तरी पक्की म्हणून सांगू नका. ८९ हजार घरखर्च आणि ६७ हजार घराचे, मिळून १,५६,०००. यजमानांचे ९२,००० येतायत. दरमहा ६४,००० ची तूट, आणि गंगाजळी शून्य, कारण ती तुम्ही बिल्डरला देऊन बसलाय. ज्या घरात दोन पगारांवर हप्ता ठरतो, तिथे एक पगार वर्षभर थांबला तर काय विकायचं, हे सही करण्याआधी ठरलेलं असायला हवं. याच कारणासाठी सासऱ्यांच्या सहा लाखांबद्दलही विचारते. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतले असतील तर ते दिलेले आहेत असं समजू नका, उसने आहेत असं समजा. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची वेळ तुमच्या चौथ्या स्लॅबच्या वेळीच येऊ शकते.

हे सगळं वाचूनही बावधनचाच फ्लॅट डोळ्यांसमोर असेल, तर तालीम करा. पुढचे सहा महिने, पगार झाला त्याच दिवशी, भाडं देऊन झाल्यावर ४३,००० वेगळ्या बँकेतल्या खात्यात टाका. त्या खात्याचं कार्ड घरात नको, यूपीआयला जोडू नका. एसआयपी चालू ठेवायची असेल तर ती या ४३ हजारांच्या वर, यातून नाही. सहा महिन्यांत जून किंवा दिवाळी यांतलं एक तरी आलंच पाहिजे, नाहीतर तालीम खोटी. मग फक्त एकच बघा: कोणत्या तारखेपासून क्रेडिट कार्ड जास्त वेळा बाहेर निघतंय. अठ्ठावीस तारखेला थोडी चणचण भासली तर हरकत नाही, ती कुणाला नसते. वीस-बावीस तारखेपासूनच कार्डावर किराणा येत असेल आणि पुढच्या महिन्याचं बिल "मिनिमम ड्यू" भरून ढकलत असाल, तर हप्ता झेपत नाही. यात तोटा काहीच नाही. नापास झालात तरी खात्यात अडीच लाखांच्या आसपास जमा असतात.

"तोपर्यंत गुढीपाडव्याची ऑफर जाईल" असं म्हणाल. गेली तर दसऱ्याची येईल, मग दिवाळीची. पुण्यात मुहूर्ताविना ऑफर आणि ऑफरविना मुहूर्त मी पाहिलेला नाही.

आता तुम्हाला काय झेपेल ते. मी तुमच्या जागी असते तर कर्ज ४५ लाखांवर थांबवलं असतं. २० वर्षांचा हप्ता ३७,६४०. जुन्या सोसायटीचा मेंटेनन्स अडीच हजार, मिळकतकर हजार, एकूण ४१,१००. भाडं वजा जाता वाढीव १७ हजार. तुमच्या २७ मधले १० हजार शिल्लक राहतात, म्हणजे मुलीची एसआयपी चालू राहते. तुमच्या २२ लाखांतले ६ लाख एफडीत तसेच ठेवायचे, हात लावायचा नाही. राहिले १६, सासऱ्यांचे ६, आणि ४५ कर्ज: ६७ लाख, सगळं धरून. पत्नीचा पगार थांबला तर दरमहा ३८ हजारांची तूट, आणि ते ६ लाख सव्वा वर्ष पुरतात. यजमानांचा थांबला तर सात महिने. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधता येते.

६७ लाखांत सगळं धरून म्हणजे ॲग्रीमेंट साठच्या आसपास. ६० वर ७ टक्के ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार, दलाली १ टक्का धरून ६० हजार, सोसायटीची हस्तांतरण फी जास्तीत जास्त २५ हजार. ६५ लाख ३५ हजार झाले, रंग आणि ट्रॉलीला दीड लाख उरतात. रिसेल असल्यामुळे जीएसटी नाही आणि भाडं-व्याज दोन्ही एकदम भरायचा काळही नाही. वारज्यातच, कर्वेनगरच्या आतल्या गल्ल्यांत, सिंहगड रस्त्याला वडगाव-धायरीकडे, पंधरा-वीस वर्षांच्या इमारतींत शोधा. क्लबहाऊस नसेल, जिम नसेल, लॉबीत सोफा नसेल. मुलीची शाळा तीच राहील आणि व्हॅन लागणार नाही.

जुन्या इमारतीत काय बघायचं? कन्व्हेअन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का. गेल्या दोन वार्षिक सभांचं इतिवृत्त मागा, ते वाचायला चहाच्या कपाएवढा वेळ लागतो आणि इमारतीची सगळी दुखणी त्यात असतात: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट बदलायची आहे, अमुक सभासदाची थकबाकी. लिफ्टसाठी माणशी ऐंशी हजार काढायचा ठराव झालेला असेल तर तो खर्च कोण देणार हे व्यवहारातच ठरवून घ्या. "रिडेव्हलपमेंटला जाणार आहे" याचे जास्त पैसे देऊ नका. ज्याला खात्री आहे तो विकत नसतो. विकणारा काही रक्कम रोख मागेल, नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यापुढची रक्कम रोखीने घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि रोखीच्या रकमेवर बँक कर्जही देत नाही. खरेदीनंतर महापालिकेकडे नाव लावून घ्या आणि स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज द्या. स्वतः राहणाऱ्यांची मिळकतकरातली ४० टक्के सवलत मध्यंतरी बंद झाली होती, २०२३ मध्ये परत सुरू झाली, पण अर्ज न देणाऱ्याला पूर्ण बिल येतं.

लांब गेलं की स्वस्त मिळतं, हा पर्याय बरेच जण सुचवतील. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं यांत बरंच अंतर असतं. ज्या सोसायट्या टँकरवर आहेत त्यांचा मेंटेनन्स एप्रिल-मेमध्ये वेगळाच असतो. फ्लॅट बघायला पावसाळ्यात जाऊ नका. मे महिन्यात जा, आणि सॅम्पल फ्लॅटच्या आधी शेजारच्या राहत्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडची टँकरची वही बघायला मागा. तारीख, गाडीचा नंबर, वेळ, सगळं लिहिलेलं असतं. दिवसाला किती टँकर आणि किती फ्लॅट हे कळलं की उन्हाळ्यातला माणशी खर्च तुम्हीच काढू शकता. त्यात दुसऱ्या दुचाकीचं पेट्रोल आणि जाण्या-येण्यातला रोजचा दीड तास मिळवा. कधीकधी पंधरा लाखांनी स्वस्त घर महिन्याच्या खर्चात जवळच्या घराएवढंच महाग पडतं.

बावधनच हवं असेल तर तिसरी वाट आहे: तिथे भाड्याने राहा. वारज्यापेक्षा चार-पाच हजार जास्त जातील, अकरा महिन्यांनी भाडं थोडं वाढेल, एक महिन्याची दलाली आणि टेम्पोचा खर्च होईल. पण पाणी, शाळा, चांदणी चौक, शेजार, सगळं आधी कळेल. काही घरांना हेच बरं पडतं. यजमानांच्या कंपनीत तीन वर्षांत बदलीची शक्यता असेल तर मी तरी हेच सुचवेन.

शेवटचं, बुकिंगबद्दल. तुम्ही या आठवड्यात चेक द्यायचं म्हणताय. देऊ नका, आणि दिलाच तर नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. बुकिंगच्या फॉर्मवर रद्द केल्यास किती कापणार हे बारीक अक्षरात असतं, ते तिथेच उभं राहून वाचा. करारनाम्याचा मसुदा घरी पाठवायला सांगा. कर्ज मंजूर झालं नाही तर पूर्ण रक्कम परत, हे फॉर्मवर हाताने लिहून त्यांच्या सही-शिक्क्यासह घ्या. सेल्सवाला "तशी गरज नसते, मॅडम" म्हणेल. त्याला ते लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि तो तयार होत नसेल तर चेकबुक पर्समध्येच राहू द्या.